नाशिकमध्ये वाईनची द्राक्षं लावताय? या चुका टाळा

थॉम्पसन-सोनाका या खायच्या जातींत हात बसलेला बागायतदार वाईनच्या द्राक्षांकडे वळला की पहिली चूक करतो ती मणी फुगवण्याची. खायच्या द्राक्षाचा मणी टपोरा हवा, म्हणून घड जीएत (जिबरेलिक आम्ल, मणी फुगवणारं संजीवक) बुडवायचे, भरपूर पाणी सोडायचं. वाईनला नेमकं उलटं लागतं. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा प्रामुख्याने सालीतून आणि बीतून येतो. मणी जितका बारीक, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. कॅबरने या लाल जातीचा वाटाण्याएवढा मणी बघून जीव खालीवर होतो, होऊ द्या. उत्पादनाचा हव्यासही इथे नडतो. घड कमी ठेवा.

दुसरी चूक, सगळा जिल्हा एकाच मापाने मोजणं. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला निफाड-येवल्याकडे तोच काही शे मिलिमीटरवर येतो. दिंडोरीची फवारणी निफाडला जशीच्या तशी कशी चालेल? सटाण्याकडचे लोक अर्ली, म्हणजे हंगामाआधीचा माल धरतात, भर पावसात छाटणी करतात. त्यांना बाजारभाव मिळतो म्हणून ही जोखीम परवडते. वाईनरीला अर्ली मालाचं काही कौतुक नाही, तेव्हा डाऊनीला, म्हणजे ओलीत पसरणाऱ्या केवडा रोगाला, आवतण कशाला द्यायचं?

थंडीचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि बागांत पहाटे शेकोट्या पेटतात. खायच्या मालाची फुगवण थांबते, मणी तडकतात, ती भीती खरीच. पण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवरच्या या पठाराचा रात्रीचा गारवा वाईनच्या द्राक्षातलं आम्ल राखतो. बेताची थंडी इथे मित्र आहे.

सगळ्यात महागात पडते ती एप्रिल छाटणीकडे केलेली डोळेझाक. युरोपातली वेल बर्फाळ हिवाळ्यात झोपते, म्हणून तिथे वर्षात एकच छाटणी. आपण विसाव्या अक्षांशावर. इथला हिवाळा वेलीला झोपवत नाही. एप्रिलात खरड छाटणी करून काड्या तयार करायच्या आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, असा आपला हिशोब. घड दिसतो फळछाटणीनंतर, पण तो काडीवरच्या डोळ्यात (कोंबात) ठरतो उन्हाळ्यातच, खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत. तेव्हा फुटव्यांची गर्दी झाली, डोळ्यांवर ऊन पडलं नाही, वर नत्राचा मारा झाला, तर पुढे काडीवर घडाऐवजी नुसती बाळी (वेलीचा तणावा) निघते. मग कितीही फवारा, उपयोग नाही.

जमीन निवडताना काळ्याभोर खोल रानाचा मोह आवरा. तिथे ओल टिकते, वेल पानांतच रमते. उताराचं मुरमाड रान बरं. खुंटाचंही (ज्यावर कलम बांधतात त्या मुळाच्या रोपाचंही) बघा: डॉगरिज हा खुंट क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो, पण मुळातच जोमदार, भारी जमिनीत तो आवरत नाही. वाईनच्या जातींना ११० आर या खुंटाचा पर्याय वापरात आहे.

जात मात्र वाईनरीशी करार झाल्यावरच ठरवा. हा माल बाजार समितीत कोणी उचलत नाही. २००८ नंतरच्या मंदीत कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या त्या याच कारणाने. पांढऱ्यात शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यों ब्लांक, लालमध्ये शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों या इथे रुळलेल्या जाती. शेनिन आणि झिनफँडेलचे घड गच्च असतात. अवकाळी पाऊस आला तर आतून सडतात आणि बाहेरून कळतही नाही.

शेवटी काढणी. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजणारं यंत्र) २२ ब्रिक्स, म्हणजे साधारण २२ टक्के साखर, दिसला की तोडा, असं करू नका. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात साखर भराभर चढते, आम्ल तितक्याच वेगाने उतरतं आणि बी कच्चीच राहू शकते. लाल जातीचा मणी तोंडात टाका, बी चावून बघा. हिरवी आणि कडू लागली तर थांबा. तपकिरी होऊन कुरकुरीत फुटली तर पहाटेसाठी मजूर सांगा. ऊन वर यायच्या आत क्रेट वाईनरीच्या रस्त्याला लागलेले बरे.