जुना रिअर-प्रोजेक्शन टीव्ही घेण्यापूर्वी
बेळगाव, निपाणी किंवा खानापूरकडे कोणी घर बदलताना जुना रिअर-प्रोजेक्शन टीव्ही (आतील दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मागून चित्र पाडणारा) स्वस्तात देऊ केला, तर आधी आतील दिव्याची चौकशी करावी. काही हजार तासांनी दिवा मंदावतो. तो बदलला की चित्र पुन्हा उजळते, परंतु मित्सुबिशीनेही २०१२ मध्ये असे टीव्ही बनवणे थांबवल्यामुळे अस्सल सुटे भाग मिळणे कठीण झाले आहे. पडदा ऐसपैस असतो, हे खरे. मात्र कडेला जमिनीवर बसलेल्यांना चित्र काळवंडलेले दिसते, म्हणून सोप्यात घरभर माणसे बसत असतील तर मी तो सुचवणार नाही. घेतलाच, तर यूपीएस जोडावा, कारण पावसाळ्यात अचानक वीज गेल्यास दिवा थंड ठेवणारा टीव्हीतील पंखा थांबतो आणि तापलेल्या दिव्याचे आयुष्य घटते.