उतारावर मिनी ट्रॅक्टर कसा चालवावा

मळ्यात हात बसलेला माणूस ट्रॅक्टर आंब्याच्या बागेतही तसाच फिरवतो आणि तिथेच घात होतो. मिनी ट्रॅक्टर अरुंद, म्हणून कलमांच्या ओळींतून सहज जातो. पण अरुंद असल्यानेच उतारावर लवकर कलंडतो.

आधी सगळी वाट चालून बघा. गवतात लपलेला चिरा, ढासळलेला गडगा म्हणजे दगडी कुंपण, नव्या कलमासाठी खणलेला मीटरभर खड्डा. वरचं चाक चिऱ्यावर चढलं किंवा खालचं खड्ड्यात गेलं की ट्रॅक्टर आडवा. बांध जितका उंच, निदान तितकं अंतर त्याच्या कडेपासून राखा.

उताराला लागण्यापूर्वीच लो गियर टाका. ज्या गियरमध्ये चढाल, त्याच गियरमध्ये उतरा. दोन वर्षांपूर्वी उतरताना गियर बदलायला मी मधेच क्लच दाबला. इंजिनाची पकड सुटली, ब्रेक मारला तर चाकं जांभ्याच्या बारीक खडीवर घसरतच गेली. खालच्या गडग्याला अडलो म्हणून वाचलो. क्लच नको, न्यूट्रल तर नकोच.

मळ्यात कोपऱ्यावर वळताना आपण एका चाकाचा ब्रेक वापरतो. उतारावर दोन्ही पेडलं खिटी लावून जोडा, नाहीतर ट्रॅक्टर गर्रकन फिरेल.

आडवं जाणं टाळा, सरळ वर-खाली जा, आणि वळायचं ते सपाट जागा बघूनच. मागे जड अवजार असेल तर चढ रिव्हर्सने चढा आणि अवजार जमिनीलगत ठेवा. ओंडका ओढताना साखळी ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या खालच्या ओढपट्टीलाच अडकवा. टॉप लिंकला, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला बांधलीत तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे पालथा व्हायला दोन सेकंदही लागत नाहीत. उडी मारायला वेळच मिळत नाही.

सीटमागची लोखंडी कमान उभी असेल तर पट्टा बांधा. फांद्यांखालून जायला ती पाडलीत तर पट्टा सोडा, आणि फांद्या संपल्या की कमान लगेच उभी करा. मडगार्डवर पोराला बसवू नका, कितीही हट्ट केला तरी.

मिरग लागला की ओल्या पाल्यावर चाक धरत नाही. उताराचं काम त्याआधीच उरका.

काम थांबवलंत तर ट्रॅक्टर सपाटीवर आणा. अवजार खाली, गियर लावलेला, हँडब्रेक ओढलेला. मगच खाली उतरा आणि चाकाला चिरा लावा.