फरी पुस्तक आणि कॉन: वेळापत्रक उलटं मोजा

फरी म्हणजे माणसांसारख्या वागणाऱ्या प्राणी-पात्रांचे चाहते, आणि कॉन म्हणजे त्यांचं संमेलन. कॉनची तारीख कुणासाठी थांबत नाही, पुस्तकाची मात्र हमखास पुढे जाते. म्हणून फरी लेखकाने वर्ष आखताना आधी कॉन पक्कं करावं आणि तिथून मागे मोजत पुस्तकाकडे यावं. अमेरिकेत जानेवारीत सॅन होजेला फर्दर कन्फ्युजन, जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला पिट्सबर्गला अँथ्रोकॉन आणि डिसेंबरच्या सुरुवातीला शिकागोजवळ रोझमाँटला मिडवेस्ट फरफेस्ट असतं. नवं पुस्तक यातल्या एकाच ठिकाणी काढा, बाकीच्या ठिकाणी ते आपोआप विकलं जातं. पुरस्कारांचं गणित डोक्यात असेल तर डिसेंबर टाळलेला बरा. फरी साहित्य-कलेच्या अर्सा मेजर पुरस्कारांसाठी पुस्तक कोणत्या कॅलेंडर वर्षात निघालं ते पाहतात आणि निकाल वाचकांच्या मतांवर लागतो. डिसेंबरात निघालेलं पुस्तक नामांकनाआधी फारसं कुणी वाचून संपवलेलं नसतं.

आधी कव्हर

फॅन्डममधले (चाहत्यांच्या जगातले) चांगले चित्रकार महिनोन्‌महिने आधी बुक झालेले असतात. कॉनच्या १० महिने आधी चित्राचं काम (कमिशन) ठरलेलं हवं, मग मसुदा अर्धा असला तरी चालेल. चित्रकाराला पात्राची रेफरन्स शीट द्या: पुढून आणि मागून चित्र, रंगांचे हेक्स कोड, अंगावरचे पट्टे-ठिपके, पंजाला बोटं चार की पाच, पाय माणसासारखे की टाचा उचललेले. बोटांचा आकडा मजकुराशी जुळला नाही तर ते दाखवून देणारा वाचक भेटतोच.

सगळ्यात जास्त घोळ कानांचा होतो. ससा किंवा फेनेक कोल्हा कव्हरवर असला की कान थेट शीर्षकात घुसतात. वरचा एक तृतीयांश भाग रिकामा हवा असं सांगताना ‘कानांची टोकं धरून’ हे शब्द लिहून द्या. चित्र कापरेषेबाहेर चारही बाजूंनी ३ मिमी वाढवलेलं आणि ३०० डीपीआयचं हवं. शेपटी पुस्तकाच्या कण्यावरून मागच्या कव्हरवर न्यायची असेल तर कण्याची रुंदी आधी ठरवावी लागते. अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्व-प्रकाशन सेवेवर ३०० पानांचा कणा क्रीम कागदावर सुमारे १९ मिमी होतो, पांढऱ्यावर १७. ऐनवेळी कागद बदलला की कण्यावरचं शीर्षक मधोमध राहत नाही. पडद्यावर झळकणारे निळे-हिरवे निऑन रंग छपाईत मळकट होतात, म्हणून चित्र मंजूर करण्याआधी सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) एकदा पाहून घ्या. आणि कमिशनचे पैसे दिले म्हणजे छपाईचे हक्क मिळाले असं होत नाही. पुस्तक, ई-पुस्तक, जाहिरात, बुकमार्क हे सगळं करारात नाव घेऊन लिहा.

मजकुराचं पुढचं वेळापत्रक साधं आहे. सहा महिने आधी संपादकाकडे, तीन महिने आधी पानांची मांडणी पूर्ण, १० आठवडे आधी छापील प्रूफ (तपासणीची प्रत) हातात. केडीपीच्या प्रूफवर ‘विक्रीसाठी नाही’ असा पट्टा असतो, ती प्रत टेबलावर ठेवून चालत नाही. विकायच्या लेखक-प्रती फाइल मंजूर झाल्यावरच मागवता येतात, तेव्हा सहा आठवडे आधी ऑर्डर टाका. कथासंग्रह असेल तर आणखी एक तपासणी: आधी एखाद्या अँथॉलॉजीत (अनेक लेखकांच्या संकलनात) आलेल्या कथेवर त्या प्रकाशकाचा एकाधिकार कधीपर्यंत आहे? ती मुदत संपल्याशिवाय कथा संग्रहात घेऊ नका.

काय जाहीर करावं

‘आगामी पुस्तकं’ या यादीत प्रत्येक नावापुढे अवस्था लिहा: मसुदा, संपादनात, छपाईत. तारीख फक्त छपाईत गेलेल्या पुस्तकाला द्या. बाकीच्यांना फार तर ऋतू. शीर्षकासोबत शब्दसंख्या, कोणते प्राणी, मालिकेतलं कितवं आणि प्रौढांसाठी आहे का, एवढं हवंच. फरी वाचक मजकुराचं रेटिंग आधी बघतो, आणि ते लपवलं तर चिडतो.

कॉनच्या यादीतही तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: फक्त हजर आहे, विक्रीचं टेबल आहे, पॅनल (मंचावरची चर्चा) आहे. या तिन्हींचे अर्ज वेगवेगळे असतात आणि एक मंजूर झाला म्हणून दुसरा होत नाही. टेबल क्रमांक हॉलचा नकाशा आल्याशिवाय छापू नका, तो बदलतो.

डीलर्स डेन

डेनमध्ये, म्हणजे कॉनच्या विक्रीच्या हॉलमध्ये, जागेपेक्षा अर्ज जास्त असतात, त्यामुळे प्रतीक्षायादी गृहीत धरा. टेबल नाही मिळालं तर फरप्लॅनेटसारख्या फरी पुस्तकविक्रेत्याला प्रती ठेवायची विनंती करा. विक्रेत्याचं कमिशन, उरलेल्या प्रती परत कोण नेणार आणि पैसे कधी मिळणार, हे आधीच लेखी ठरवा. परदेशातून अमेरिकेत येणाऱ्यांनी पर्यटक व्हिसावर स्वतः टेबल मांडण्यापेक्षा हाच मार्ग धरावा.

स्वतःचं टेबल असेल तर त्या राज्याचा विक्रीकर परवाना लागतो. पिट्सबर्गमध्ये कर ७ टक्के: राज्याचा ६ आणि ॲलेगेनी काउंटीचा १. किंमत करासह २० डॉलर ठेवली की सुट्टे लागत नाहीत, त्यातले १.३१ डॉलर कराचे म्हणून बाजूला काढायचे. टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी इथे सावध राहावं, कारण परवाना टेबलावर दिसेल असा लावावा लागतो आणि त्यावर खरं नाव येऊ शकतं. व्यवसायाचं वेगळं नाव आधी नोंदवून परवाना त्या नावाने मिळतो का, हे अर्ज करतानाच विचारा.

किती प्रती न्यायच्या? मालिकेचा तिसरा भाग नवा असला तरी पहिला भागच जास्त न्या. टेबलासमोर थांबणारे बरेच जण तुम्हाला ओळखत नसतात, ते एकपासूनच सुरू करतात. ३:१:२ हे प्रमाण ठीक जमतं. मधला भाग सगळ्यात कमी. साडेपाच बाय साडेआठ इंची, ३०० पानी प्रत साधारण ४०० ग्रॅमची, म्हणजे २३ किलोच्या बॅगेत फार तर ५० प्रती. प्रौढ पुस्तकं वेगळ्या खोक्यात, कव्हर झाकून ठेवा आणि ओळखपत्र पाहूनच विका; ओळखीचा चेहरा असला तरी. हॉलमध्ये गर्दीमुळे नेट रडतं, म्हणून कार्ड रीडरचा ऑफलाइन मोड घरीच चालवून पाहा. त्या व्यवहारांना मुदत असते, तेव्हा त्याच रात्री खोलीवर नेटला जोडा.

रीडिंग आणि सह्या

इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचताना मिनिटाला सुमारे १५० शब्द होतात. अर्ध्या तासाच्या स्लॉटला ३००० शब्दच घ्या, उरलेली १० मिनिटं प्रश्नांना. दोनच पात्रांचा संवाद असलेला प्रसंग निवडा. सहा प्राण्यांचे सहा आवाज काढायचा मोह आवरा, ऐकणाऱ्याला तिसऱ्या पानापासून कोण बोलतंय ते कळेनासं होतं.

सही शीर्षकपानावर, पिगमेंट शाईच्या पेनाने करा; जेल पेन पान मिटताच उमटतं. नाव विचारताना चिकटचिठ्ठी पुढे करा. फर्सोनाच्या (चाहत्याने स्वतःसाठी घेतलेल्या प्राणीरूपाच्या) नावांचं स्पेलिंग ऐकून कळत नाही, आणि कार्डावर दिसलेलं खरं नाव तर मुळीच उच्चारू नका.