ऑब्जेक्ट नेमका कुठल्या मॉड्यूलचा?

नव्या टीममध्ये सुरुवातीचे दिवस कोड लिहिण्यापेक्षा वाचण्यातच जातात. पायथनच्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये फंक्शन समोर दिसतं, पण ते कुठल्या मॉड्यूलमधून, म्हणजे साधारणपणे कोडच्या कुठल्या फाइलमधून, आलं याचा पत्ता लागत नाही. एडिटर डेफिनिशनवर नेऊन सोडतो खरा, पण स्टार इम्पोर्टांची (मॉड्यूलमधली सगळी नावं एकदम उचलण्याची) गर्दी असली की त्याच्यावर किती विसंबायचं? मी सरळ इंटरप्रीटरलाच विचारतो.

फंक्शन किंवा क्लासच्या नावापुढे डॉट देऊन ‘मॉड्यूल’ लिहायचं, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर लावून. बोलताना सगळे याला डंडर (म्हणजे डबल अंडरस्कोअर) मॉड्यूल म्हणतात.

एका ज्युनिअरची स्क्रिप्ट साध्या ‘ओपन’वर अडली होती. फाइलचं नाव आणि ‘आर’ मोड, दोन्ही बरोबर. तरी टाइपएरर, स्ट्रिंगऐवजी इंटीजर हवा म्हणून. ओपनचं डंडर मॉड्यूल छापून पाहिलं तर उत्तर ‘पॉझिक्स’. वर ‘ओएस’मधून स्टार इम्पोर्ट केलेलं होतं. त्यामुळे नेहमीचं ओपन झाकलं गेलं आणि ओएसचं ओपन पुढे आलं. त्याला दुसरं आर्ग्युमेंट आकडाच लागतं. विंडोजवर हेच उत्तर ‘एनटी’ आलं असतं.

इम्पोर्ट ओएसमधून केलं, मग नाव पॉझिक्सचं का? कारण डंडर मॉड्यूल साधारणपणे व्याख्या कुठे झाली ते सांगतं. तुम्ही कुठून उचललं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘जेसन’मधून घेतलेला जेसनडिकोडर क्लासही म्हणूनच ‘जेसन डॉट डिकोडर’ असं उत्तर देतो. डेकोरेटर, म्हणजे फंक्शनला गुंडाळणारं दुसरं फंक्शन, लावलं असेल तर उत्तर मात्र जपून घ्या. फंकटूल्समधलं रॅप्स वापरलं असेल तर मूळ फंक्शनचं मॉड्यूल दिसतं, नाहीतर बहुतेक वेळा डेकोरेटरचं.

आकडा किंवा स्ट्रिंगला थेट विचारलंत तर ॲट्रिब्यूटएरर मिळेल. आधी ‘टाइप’ने क्लास काढा, मग विचारा, उत्तर ‘बिल्टइन्स’ येईल. स्वतःच्या क्लासच्या ऑब्जेक्टला थेट विचारलं तरी चालतं. थेट चालवलेल्या स्क्रिप्टमधला क्लास असेल तर ‘डंडर मेन’ दिसतं. असे ऑब्जेक्ट पिकल करून (म्हणजे फाइलमध्ये साठवून) दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायला गेलात की क्लास सापडत नाही, त्याचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

नावाने भागलं नाही तर ‘इन्स्पेक्ट’चं गेटफाइल फाइलचा पत्ता देतं. सीमध्ये लिहिलेल्या फंक्शनांवर ते टाइपएरर देतं, तिथे नावावरच भागवायचं. मॉड्यूलच हातात असेल तर त्याचं डंडर फाइल बघा. ‘रँडम’ अचानक विचित्र वागू लागलं तर पहिली तपासणी हीच. तुमच्याच फोल्डरमध्ये रँडम डॉट पीवाय नावाची फाइल असण्याची शक्यता दाट!