'कीप इन टच' नीट कसं वापरायचं, आणि 'गेट इन टच' कधी

गोव्यात हॉटेलात, बोटीवर, ट्रॅव्हल एजन्सीत कुठेही कामाला लागा, निरोप घेताना 'कीप इन टच' कानावर पडतंच. इथे स्पर्शाचा काही संबंध नाही, फोन-मेसेज करत राहा, ख्यालीखुशाली कळवत जा एवढाच अर्थ.

आधी बघा, समोरच्याशी बोलणं चालू आहे का. चालू असेल आणि पुढेही राहावं असं वाटत असेल तर 'कीप इन टच' नाहीतर 'स्टे इन टच', दोन्ही चालतात. फोंड्याचा पोरगा बोटीवर निघालाय, मित्र दाबोळी विमानतळावर सोडायला आलेत, तिथे हेच शोभतं. पण कळंगुटच्या हॉटेलातून नव्या गेस्टला लिहायचंय की रूम हवी असेल तर आम्हाला कळवा, तर तिथे 'गेट इन टच', कारण संपर्क अजून सुरूच व्हायचाय. या दोघांची अदलाबदल सर्रास होते आणि ईमेल उगाच विचित्र वाटतो.

मग जोडायचं 'विथ'. 'गेट इन टच विथ अस', 'टू अस' नाही. कॉन्टॅक्टचं मात्र उलट, 'प्लीज कॉन्टॅक्ट मी' एवढंच, तिथे 'विथ' घालू नका. आणि टचच्या आधी 'अ' किंवा 'द' काहीच नको.

संपर्क तुटला तर 'वी लॉस्ट टच'. इथे खरंच सांभाळा. पेटी वाजवायची सोडून वर्षं झाली की आपण म्हणतो ना 'टच गेला', त्याला इंग्रजीत 'आय हॅव लॉस्ट माय टच', म्हणजे हातातलं कसब गेलं. म्हणून शाळेतल्या मैत्रिणीबद्दल सांगताना 'माय' घुसडलंत तर अर्थच पार बदलतो, तिथे नुसतं 'आय लॉस्ट टच विथ हर'.

ऑफिसात 'टच बेस' ऐकाल, ते अमेरिकन वळणाचं, थोडक्यात बोलून घेऊया असं.

आणि इंटरव्ह्यू संपताना 'वी विल बी इन टच' म्हणाले तर नोकरी पक्की समजून घरी पेढे नेऊ नका, तो नकारही नसतो, आम्ही कळवू एवढंच. तिथल्या तिथे नम्रपणे विचारा, 'बाय व्हेन कॅन आय एक्स्पेक्ट टू हिअर फ्रॉम यू?', म्हणजे साधारण कधीपर्यंत कळेल.