करवीरच्या तहांवर बोलताना या चुका टाळा

‘दुसरे संभाजीराजे निजामाला मिळाले’ हे वाक्य कोल्हापुरातल्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर अधूनमधून येतंच आणि मग रात्रभर जुंपते. हे संभाजीराजे म्हणजे करवीरचे (कोल्हापूरचे) छत्रपती, साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे चुलतभाऊ. वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. १७२७ मध्ये निजामाने मराठ्यांची चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) अडवली. खरा हक्कदार शाहू की संभाजी, ते आधी ठरू दे, असा डाव त्याने टाकला. पन्हाळ्याला, म्हणजे संभाजीराजांच्या दरबाराला, त्यात संधी दिसली. पुढच्याच वर्षी पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडले आणि मुंगी-शेवगावच्या तहात त्याने संभाजीराजांचा पक्ष सोडून दिला. धोरण साफ फसले, हे मान्य. पण गद्दारीचा शिक्का मारण्याआधी एवढे लक्षात ठेवा: शाहूंच्या चौथाईच्या सनदासुद्धा १७१९ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडूनच आल्या होत्या. बलाढ्य शेजाऱ्याशी बोलणी करणे हे त्या काळात सगळ्यांचेच राजकारण होते. आपल्या गादीला तर ते जास्तच करावे लागे, कारण फौज कमी आणि शेजारी दांडगे.

नावांचा घोळ तर ठरलेलाच. करवीरला शिवाजी, संभाजी ही नावे पुन्हा पुन्हा येतात आणि पहिला, दुसरा, तिसरा हा क्रम प्रत्येक पुस्तकात वेगळा. क्रमांकाच्या नादी लागू नका, नावापुढे साल लिहा. ताराराणींचे पुत्र शिवाजी १७१४ पर्यंत गादीवर. संभाजीराजांच्या राणी जिजाबाईंनी दत्तक घेतलेले शिवाजी १७६२ नंतरचे. ताराराणी शेवटपर्यंत पन्हाळ्यावर राज्य करत होत्या असेही बरेच जण सांगतात. पण १७१४ मध्ये संभाजीराजांच्या आई राजसबाईंनी त्यांना कैदेत टाकले होते.

सातारा आणि करवीर यांच्यातल्या वारणेच्या तहाबाबत सांगणारे ‘नदी हद्द ठरली’ एवढ्यावर थांबतात. खरी मेख कलमांत आहे. १७३० मध्ये वारणाकाठी संभाजीराजांचा तळ साताऱ्याच्या फौजेने लुटला, त्यानंतरचा हा १७३१ चा करार. म्हणजे बरोबरीच्या दोन पक्षांतला नव्हे. वारणा-कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरला मिळाला. कोपळ इकडे आले, रत्नागिरी तिकडे गेली. तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंत जे जिंकाल त्यात निम्मे-निम्मे. आणि एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवून घ्यायचे नाहीत. हे शेवटचे कलम मला सगळ्यात बोलके वाटते. रुसलेला सरदार उठून पलीकडे जायचा, नवा मालक त्याला जहागीर द्यायचा. लहान राज्याला माणसे मिळवायची ती एक मोठी वाट, तीच बंद झाली.

समुद्र विसरू नका. कोल्हापूर म्हटले की पंचगंगा आणि ऊस डोळ्यांपुढे येतो, पण मालवणचा सिंधुदुर्ग करवीरकडे होता आणि तिथली गलबते इंग्रजांच्या व्यापाराला सतावत. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने किल्ला घेतला, त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले आणि पुढच्या वर्षी पैसे व हमी घेऊन परत दिला. तेव्हा कारभार जिजाबाईंच्या हाती होता.

पेशवाईशी भांडण म्हणजे फक्त पुण्याशी भांडण, असेही समजू नका. रोजची धग पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांची होती.  १७९९ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन पट्टणकुडीच्या लढाईत करवीरच्या फौजेशी लढताना पडले.

आणि इंग्रजी अंमलाची तारीख सरसकट १८१८ लिहू नका. करवीरचा निर्णायक तह १८१२ चा. निपाणीच्या देसाई निपाणकरांनी चिकोडी-मनोळी हा मुलूख आधीच घेतला होता, जेरीस आलेल्या दरबाराने तिथला हक्क सोडला, मालवण कंपनीला दिले, आणि तिच्या संमतीशिवाय लढाई करणार नाही असे कबूल केले. बदल्यात संरक्षण. १८१७ च्या युद्धात करवीर इंग्रजांच्या बाजूने राहिले, म्हणून चिकोडी-मनोळी परत मिळाली. १८२९ मध्ये कंपनीने ती पुन्हा काढून घेतली.