लोणा धरलेल्या भिंतीवर नवं प्लास्टर टिकवायचं असेल तर

ओल आलेल्या भिंतीवर वॉटरप्रूफ पुट्टी भरून वर दोन हात रंग मारला की काही महिने भिंत छान दिसते. मग पोपडे सुटतात, आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा वरच्या बाजूला. भिंतीतलं पाणी बाहेर पडायला जागा शोधत असतं. समोरची वाट बंद केली की ते आणखी वर चढतं.

पाण्यापेक्षा चिवट असतात ते त्याच्यासोबत आलेले क्षार, म्हणजेच लोणा. पाणी उडून जातं, क्षार प्लास्टरमध्ये साचतात. सल्फेटचे स्फटिक आतल्या आत वाढून प्लास्टर फोडतात. नायट्रेट आणि क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून गळती कधीच थांबलेली असली तरी दमट दिवसांत तोच डाग पुन्हा ओला होतो. गोठा म्हणून वापरलेल्या खोल्यांत नायट्रेट भरपूर सापडतं. धुराड्याच्या भिंतीत क्षारांच्या जोडीला काजळी आणि डांबरट द्रव असतो, तो नव्या प्लास्टरमधूनही पिवळा-तपकिरी उमटतो. असे क्षार भिंतीतून पूर्ण काढता येत नाहीत. म्हणून भिंत आणि आतलं फिनिशिंग एकमेकांना चिकटू न देणं हाच टिकाऊ उपाय आहे.

आधी ओल कुठली ते ठरवा

फूटभर ॲल्युमिनियम फॉइल भिंतीवर चारी कडांनी टेपने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर तो हवेतला दमटपणा आहे; त्याला वायुवीजन आणि भिंतीचं इन्सुलेशन लागतं, खालची सगळी खटपट नको. थेंब आतल्या बाजूला असतील तर ओल भिंतीतली.

टोकं टेकवून आकडा दाखवणाऱ्या मीटरवर फार विसंबू नका. तो विद्युतवहन मोजतो, त्यामुळे क्षार असले की कोरडी भिंतही ओली दाखवतो. खात्री हवी असेल तर कमी वेगाने ड्रिल करून, वरचा 10 मिमी भाग टाकून देऊन, आतली भुकटी घ्या. ती मिठाच्या संपृक्त द्रावणासोबत बंद बरणीत वेगळ्या वाटीत ठेवा. त्या बरणीतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास राहते. आधी पूर्ण सुकवून तोललेल्या भुकटीचं वजन तिथे ठळक वाढलं तर क्षार आहेत. स्वच्छ विटेची भुकटी फारच थोडा ओलावा घेते.

पाण्याचा उगम बंद करणं मात्र टळत नाही. फुटका पाइप, तुंबलेली पन्हळ, बाहेरच्या भेगा दुरुस्त करा. बाहेरची माती किंवा फरशी भिंतीतल्या ओलरोधक थराच्या (जमिनीतली ओल वर चढू न देणाऱ्या आडव्या थराच्या) किमान 150 मिमी खाली हवी. ती वर चढलेली असणं हे ओलीचं नेहमी सापडणारं कारण. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं आत्ताच तपासा. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर असेल तर कुजण्याचा धोका आहे, आणि पुढे ते झाकलं जाणार आहे.

भिंत तयार करणं

वीज बंद करा, मास्क लावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. डागाच्या किंवा क्षाराच्या शेवटच्या खुणेपासून आणखी 300 मिमी वरपर्यंत प्लास्टर छन्नीने उतरवा. विटांच्या सांध्यातला भुसभुशीत मसाला 15-20 मिमी खोल खरवडा. क्षार ताठ ब्रशने कोरडेच झाडा. पाण्याने धुतलं की ते विरघळून पुन्हा विटेत शिरतात. पडलेला मलबा त्याच दिवशी पोत्यात भरून बाहेर न्या आणि नव्या मसाल्यात अजिबात वापरू नका.

मेंब्रेन बसवणं

भिंत आणि प्लास्टर वेगळं ठेवायला इथे लागतं ते उठावांचं प्लास्टिक मेंब्रेन, म्हणजे पाणी न झिरपू देणारी शीट, जिच्या एका बाजूला जाळी वितळवून जोडलेली असते. प्लास्टरसाठी साधारण 3 ते 8 मिमी उंचीचे उठाव चालतात. उठाव भिंतीकडे, जाळी खोलीकडे. भिंतीत मोठे खड्डे असतील तर आधी भरून घ्या, नाहीतर मेंब्रेन पोकळ राहतं आणि थापीच्या दाबाने हलतं.

8 मिमी ड्रिलने भोकं पाडून मेंब्रेनसोबतचे प्लग ठोका, साधारण 250-300 मिमी अंतरावर, आलटून पालटून. नेमकं अंतर उत्पादकाच्या पत्रकातलं पाळा. खिळे वापरू नका, ते गंजतात आणि भोकातून ओल आत आणतात. जोडावर एका शीटचा दुसरीवर 100 मिमी चढ द्या आणि मध्ये ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट सीलिंग टेप) लावा. धुळकट पृष्ठभागावर टेप धरत नाही, जोडाची पट्टी आधी पुसून कोरडी करा. खिडकीच्या बाजू आणि स्विचच्या पेट्यांभोवतीही टेप हवी.

प्लास्टरचा पहिला थर 8-10 मिमी, जाळीत दाबून. मेंब्रेन पाणी शोषत नाही, म्हणून तो नेहमीपेक्षा उशिरा आवळतो. त्यावर ओरखडे पाडा आणि पूर्ण घट्ट झाल्यावरच दुसरा थर द्या. घाई केली की प्लास्टर घसरतं.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती तळाशी. मेंब्रेन आणि प्लास्टर फरशीच्या 20-25 मिमी वर थांबलंच पाहिजे. मसाल्याचा एक गोळा जरी खाली पडून भिंतीला आणि प्लास्टरला एकत्र टेकला तरी तिथून ओल चढते. वर छतापाशी 10 मिमी फट ठेवा, स्कर्टिंगही मागे हवा खेळेल असं बसवा. नंतर कोणी ही फट सिलिकोनने बुजवू नये, हे रंगकाम करणाऱ्यालाही सांगून ठेवा.

जमिनीखालच्या खोलीत ही फटींची पद्धत लागू होत नाही. तिथे पाणी दाबाने येतं. 8 मिमी उठावांचं मेंब्रेन वरपर्यंत बंद करून, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात निचऱ्याची नळी टाकून पाणी पंपाच्या खड्ड्यात न्यावं लागतं. नळी साफ करायची तोंडं हात पोचेल अशी मोकळी ठेवा, आणि पंपाला बॅटरी जोडाच. जोराच्या पावसातच वीज जाते.

मागची भिंत हळूहळूच कोरडी होते. ढोबळ हिशेब 25 मिमी जाडीला एक महिना, म्हणजे 230 मिमी भिंतीला नऊ-दहा महिने. पण आतला रंग त्यासाठी थांबवायची गरज नाही. नवं प्लास्टर सुकलं की द्या. कपाट किंवा फळी टांगायची झाल्यास स्क्रू मेंब्रेनमधून भिंतीत जाणार, म्हणून भोकात सीलंट भरून मगच स्क्रू आवळा.